जसे हिम, तशी स्की

काश्मीरमधील गुलमर्ग हे ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारे २६५० मीटर उंचीवर आहे. ‘गुल’ म्हणजे फूल आणि ‘मर्ग’ म्हणजे कुरण. उन्हाळ्यात हे नाव अगदी सार्थ वाटते. परंतु हिवाळा आला, की सारे कुरण हिमाखाली गडप होते आणि मग तेथे निराळीच वर्दळ सुरू होते. पायांत जड बूट चढवून आणि खांद्यावर लांबच लांब पट्ट्यांची जोडी टाकून देशोदेशींची माणसे उताराकडे निघालेली दिसतात. या पट्ट्यांना स्की म्हणतात. त्या पायांना जोडून हिमाच्छादित उतारावरून घसरत खाली येण्याचा जो खेळ, तो स्कीइंग होय.

तेथील दुकानांतून स्की भाड्याने मिळतात. भिंतीला टेकून त्या ओळीने उभ्या केलेल्या असतात. काही माणसाच्या हनुवटीपर्यंत येतील एवढ्या, काही डोक्याहून उंच; काही तळहाताहून अरुंद, तर काही चांगल्या वीतभर नसल्या तरी त्याच्या निम्म्याहून रुंद. नवखा मनुष्य त्या रांगेकडे पाहून हटकून विचारतो, “यांतली सर्वांत चांगली जोडी कोणती?” जाणता दुकानदार या प्रश्नाचे उत्तर देतच नाही. तो उलट विचारतो, “आपले वजन किती? यापूर्वी किती दिवस स्कीइंग केले आहे? आणि आज कोणत्या उतारावर जाणार?” विचारणाऱ्याला वाटते, की दुकानदार उगाच चौकशा करीत आहे. पण या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून चांगली स्की कोणती, हे खरोखरच कोणाला सांगता येत नाही. असे का, हे समजण्यासाठी प्रथम हिमाचा स्वभाव ध्यानात घेतला पाहिजे.

मराठीत कारखान्यातील लादीलाही बर्फ म्हणतात आणि आकाशातून पडणाऱ्या भुसभुशीत कणांनाही बर्फच म्हणतात. महाराष्ट्रात हिमवर्षाव होत नाही; त्यामुळे दोहोंत भेद करण्याची गरज सहसा पडत नाही. येथे मात्र तो भेद पाळणे इष्ट आहे. आकाशातून पडते ते हिम, आणि गोठून दगडासारखे कठीण होते ते बर्फ. एक मीटर लांब, तेवढीच रुंद व तेवढीच उंच अशी पेटी नुकत्याच पडलेल्या कोरड्या हिमाने भरली, तर त्या हिमाचे वजन पन्नास ते शंभर किलोग्रॅम भरते. तीच पेटी बर्फाने भरली, तर वजन नऊशे किलोग्रॅमच्या वर जाते. म्हणजे ताज्या हिमात हिम थोडे आणि हवाच फार! अशा हिमावर बूट घालून कोणी चालू लागला, तर तो गुडघ्यापर्यंत, प्रसंगी कमरेपर्यंत रुततो.

स्की हे रुतणे टाळते, ते वजन विभागून. चाळीस किलोग्रॅम वजनाचा एक मुलगा हिमावर उभा आहे, असे समजू. त्याच्या बुटाचा तळ २५ सेंटीमीटर लांब व ८ सेंटीमीटर रुंद असेल, तर दोन्ही बूट मिळून ४०० चौरस सेंटीमीटर जागा व्यापतील आणि प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर १०० ग्रॅम भार पडेल. आता त्याच्या पायांना १४० सेंटीमीटर लांब व सरासरी ९ सेंटीमीटर रुंद अशी स्कीची जोडी जोडली. तिचे क्षेत्रफळ २५२० चौरस सेंटीमीटर झाले. तोच भार आता दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १६ ग्रॅम एवढाच उरतो. हिशेब ढोबळ आहे, परंतु मुलाचे वजन एक तोळाही कमी न होता हिमावरील दाब सहापटींनी उतरला, हे त्यावरून स्पष्ट दिसते. भातखाचरातील चिखल सपाट करताना कोकणातील शेतकरी बैलांनी ओढलेल्या फळीवर उभा राहतो; तेथे त्याचे पाय रुतत नाहीत, याचे कारणही हेच.

नुसते न रुतणे पुरेसे असते, तर कोणतीही रुंद फळी चालली असती. पण उतारावरून सुटलेल्या माणसाला वळताही आले पाहिजे आणि थांबताही आले पाहिजे. स्कीची खरी करामत तिच्या वळण्यात आहे, आणि ती तिच्या आकारात दडलेली असते.

स्कीकडे वरून पाहिले, तर ती सरळ पट्टीसारखी नसते. तिचा पुढचा भाग रुंद, मधला अरुंद आणि मागचा पुन्हा थोडा रुंद असतो. मधल्या अरुंद भागाला स्कीची कंबर म्हणतात. समजा, एखादी स्की पुढे १२ सेंटीमीटर, कमरेत साडेसात सेंटीमीटर आणि मागे साडेदहा सेंटीमीटर रुंद आहे. अशा स्कीच्या दोन्ही कडा किंचित आत वळलेल्या, म्हणजे एखाद्या फार मोठ्या वर्तुळाच्या कंसासारख्या असतात. घरी एक सोपा प्रयोग करून पाहता येईल. जाड पुठ्ठ्याची वीतभर लांबीची पट्टी घेऊन तिच्या दोन्ही बाजू कात्रीने मध्यभागी थोड्या आत कापाव्यात. मग ती पट्टी मेजावर एका कडेवर कलती धरून मध्ये बोटाने हळूच दाबावी. दोन्ही टोके आधी मेजाला टेकलेली असतात. दाबताच मधला भागही वाकून खाली येतो आणि पट्टीची कड मेजावर कमानीसारखी टेकते. हिमावर असेच घडते. स्कीइंग करणारा गुडघे एका बाजूला झुकवून स्की कलती करतो, त्याच्या भाराने ती वाकते आणि वाकलेल्या कडेने हिमावर कंस काढीत ती आपोआप वळते. वर सांगितलेल्या मापांची मध्यम लांबीची स्की सुमारे १५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात वळेल. कबड्डीच्या मैदानाची लांबी १३ मीटर असते. त्यावरून या वळणाचा अंदाज बांधता येईल.

या कमरेचे महत्त्व प्रथम जगाला दाखवून दिले, ते नॉर्वेमधील टेलेमार्क प्रांतातल्या सोन्द्रे नोर्हाइम या गरीब कुळवाड्याने. त्याचा जन्म १८२५ मधला. नॉर्वेत स्कीचा वापर हजारो वर्षांपासून होता, परंतु तो मुख्यतः हिवाळ्यात एका गावाहून दुसऱ्या गावी जाण्यासाठी. नोर्हाइमने स्की लांबीला कमी केली, तिला कंबर दिली आणि केवळ बुटाचे टोक बांधण्याऐवजी टाचेमागून वळलेला, झाडाच्या लवचीक मुळ्यांचा पट्टा घालून पाय घट्ट बसविला. १८६८ मध्ये क्रिस्तियानिया, म्हणजे आजचे ऑस्लो, येथील स्पर्धेत त्याने आपले कौशल्य दाखविले, तेव्हा शहरातील लोक थक्क झाले. त्या वेळी तो चाळिशी ओलांडलेला होता. पुढे पोटापाण्यासाठी तो अमेरिकेला गेला आणि तेथेच १८९७ मध्ये वारला. आज कारखान्यात बनणाऱ्या प्रत्येक स्कीला जी कंबर असते, तिचे श्रेय या खेडुताकडे जाते.

आता लांबीचा विचार करू. पूर्वी स्कीची लांबी ठरविण्याची एक सर्वमान्य रीत होती. मनुष्याने ताठ उभे राहून हात डोक्यावर सरळ उंचवावा आणि त्याच्या मनगटापर्यंत पोहोचेल ती स्की घ्यावी. या रीतीने साधारण उंचीच्या माणसाच्या वाट्याला दोन मीटरांहून लांब स्की येत असे. त्या काळच्या स्कीला कंबर अगदी नावापुरती असे आणि तिच्या कडांचा कंस चाळीस मीटरांहून मोठ्या त्रिज्येचा असे. त्यामुळे ती आपणहून फारशी वळत नसे. शरीराला हिसका देऊन ती वळवावी लागे. हे कौशल्य साधण्यात कित्येकांचे हिवाळ्यामागून हिवाळे निघून जात. १९९३ मध्ये स्लोव्हेनियातील एलान या कारखान्याने खोल कमरेची स्की तयार केली. युरिय फ्रांको आणि पावेल श्कोफित्स हे तिचे रचनाकार. ही स्की थोडी कलती केली तरी वळे. मग एवढ्या लांबीची गरजच काय उरली? काही वर्षांतच इतर कारखान्यांनीही तो मार्ग धरला आणि मनगटाची ती जुनी रीत इतिहासजमा झाली.

हल्ली लांबी ठरविताना माणसाची उंची हा केवळ आरंभ असतो. शिकाऊ माणसाला हनुवटीपासून नाकापर्यंत येणारी, चांगले येत असलेल्याला कपाळापर्यंत किंवा डोक्याइतकी, आणि खोल हिमात वेगाने जाणाऱ्या निष्णाताला डोक्याहूनही लांब स्की दिली जाते. आखूड स्की चटकन वळते, पण वेग वाढला की थरथरू लागते. लांब स्की वेगात शांत राहते, पण तिला वळवायला बळ आणि सराव दोन्ही लागतात. शिवाय उंचीपेक्षाही वजन अधिक महत्त्वाचे. स्कीला माणसाची उंची कळत नाही. तिला कळतो तो केवळ त्याचा भार. सारख्याच उंचीच्या दोन माणसांपैकी एक सडपातळ आणि दुसरा भरदार असेल, तर दुसऱ्याला अधिक लांब व अधिक ताठ स्की लागेल.

लहान मुलांच्या बाबतीत पालकांकडून एक चूक फार वेळा होते. आपल्याकडे मुलाला सदरा शिवताना तो ‘वाढत्या अंगाचा’ शिवण्याची चाल आहे. पुढच्या वर्षीही तो उपयोगी पडावा, हा हेतू. सदऱ्याच्या बाबतीत ही काटकसर शहाणपणाची आहे. बाही लांब झाली, तर दुमडता येते. स्की मात्र दुमडता येत नाही! पुढील दोन वर्षांचा विचार करून लांब स्की घेतली, तर मूल ती दोन वर्षे तिच्याशी झगडण्यातच घालविते, पुनःपुन्हा पडते आणि अखेरीस हा खेळ आपल्यासाठी नव्हेच, अशी समजूत करून घेऊन घरी बसते. म्हणून मुलांना छातीपासून हनुवटीपर्यंत येणारी स्की द्यावी आणि ती विकत न घेता दरवर्षी भाड्याने घ्यावी, असा सल्ला अनुभवी शिक्षक देतात. बुटांनाही हाच नियम लागू आहे. सैल बुटात पाय हलतो आणि पायाने दिलेली आज्ञा स्कीपर्यंत पोहोचत नाही.

लांबीप्रमाणे ताठपणाही पारखावा लागतो. स्की जमिनीवर ठेवली, तर तिचा मधला भाग सहसा जमिनीपासून किंचित वर उचललेला दिसतो. ही तिची कमान. टांग्याच्या चाकावर पोलादी पट्ट्यांची जी कमान असते, तिच्यासारखेच हिचे काम चालते. माणूस वर उभा राहिला, की कमान दबते आणि भार मधल्या भागावरच न राहता पुढच्या-मागच्या टोकांपर्यंत पसरतो. टांग्याची कमान जर फार ताठ असेल, तर एकट्या माणसाला दणके बसतात. फार नरम असेल, तर चार माणसे बसताच ती पार खाली जाते. तसेच स्कीचे आहे. हलक्या अंगाच्या माणसाने ताठ स्की घेतली, तर ती त्याच्याने वाकतच नाही. आणि जी वाकत नाही, ती वळत नाही. जड माणसाने अगदी नरम स्की घेतली, तर कठीण हिमावर वेगात असताना तिची टोके फडफडू लागतात व कडेची पकड सुटते. नवशिक्याला नरम स्कीच बरी. ती त्याच्या लहानसहान चुका पोटात घालते. ताठ स्की मात्र एकही चूक माफ करीत नाही.

लांबी आणि ताठपणा माणसावरून ठरतात, तर रुंदी मुख्यतः हिमावरून ठरते. आणि हिमाचे प्रकार तरी किती! रात्री पडलेले भुरभुरीत हिम, यंत्राने दाबून सपाट केलेले हिम, वाऱ्याने थापून वर पापुद्रा आलेले हिम, दुपारच्या उन्हाने ओथंबलेले हिम, आणि रात्रीच्या थंडीत पुन्हा गोठून काचेसारखे झालेले हिम, ज्याला बर्फच म्हणणे योग्य. एकाच डोंगरावर, एकाच दिवशी, यांपैकी तीन-चार प्रकार भेटू शकतात.

उत्तराखंडातील औली येथे, किंवा युरोपातील आल्प्स पर्वतातल्या बहुतेक गावी, उतारावरील हिम यंत्रांनी दाबून त्याच्या वाटा तयार केलेल्या असतात. अशा वाटेवर रुतण्याचे भय नसते. म्हणून रुंद स्कीची गरजही नसते. तेथे हवी पकड. ती स्कीच्या दोन्ही कडांना बसविलेली पोलादी पट्टी देते. लाकडी स्कीची कड कठीण हिमावर झिजून गोल होत असे; ऑस्ट्रियातील साल्झबुर्गच्या रुडॉल्फ लेटनर यांनी १९२० नंतरच्या दशकात तिला पोलादाची कड जोडली आणि ही अडचण दूर झाली. आता कमरेची रुंदी आणि पकड यांचा संबंध पाहू. अरुंद स्की कलती केली, की तिची कड जवळजवळ पावलाखालीच येते आणि सारा भार थेट तिच्यावर पडतो. रुंद स्कीची कड पावलापासून दूर, बाहेर असते. ती हिमात रोवायची, तर घोट्याला आणि गुडघ्याला पीळ सोसावा लागतो. म्हणून दाबलेल्या वाटांसाठी कंबर साधारणपणे ८५ मिलिमीटरांहून कमी असलेली स्की पसंत करतात, आणि गोठलेल्या कठीण पृष्ठावर तर त्याहूनही अरुंद. शिवाय तिची कड विळीच्या पात्यासारखी पाजळलेली असावी लागते. बोथट कडेची उत्तम स्की कठीण बर्फावर धारदार कडेच्या साध्या स्कीपुढे हार खाते.

गुलमर्गच्या वरच्या अंगाला असलेल्या अफरवत पर्वतावर गेले, की सारेच बदलते. दोन टप्प्यांचा आकाशपाळणा प्रवाशांना कोंगडोरीमार्गे ३९०० मीटरांहून अधिक उंचीवर नेऊन सोडतो. यांपैकी पहिला टप्पा १९९८ मध्ये आणि दुसरा २००५ मध्ये सुरू झाला. वरचे बहुतेक उतार यंत्राने दाबलेले नसतात. हिमवर्षावानंतर तेथे मांडीएवढ्या खोल, कोरड्या, हलक्या हिमाचा थर पसरलेला असतो आणि त्यासाठीच दूरदूरचे निष्णात लोक गुलमर्गला येतात. खालच्या कुरणातील सौम्य उतारावर जी अरुंद स्की सुरेख चालली, तीच येथे सुरीसारखी हिमात शिरते. तिचे टोक खाली जाते आणि माणूस कोलांटी खातो. येथे सुरी नको, होडी हवी.

ही गोष्ट आज स्वच्छ दिसत असली, तरी ती ध्यानात यायला बराच काळ लागला. शेन मक्कॉन्की या उत्तर अमेरिकेतील धाडसी खेळाडूच्या मनात आले, की खोल हिम हे घट्ट जमिनीपेक्षा पाण्यासारखेच अधिक वागते. मग त्यावर पाण्यावरची साधने का चालू नयेत? त्याने चक्क पाण्यावर घसरण्याच्या पट्ट्यांना बुटांची पकड बसविली आणि त्या घेऊन तो अलास्काच्या पर्वतावरून खाली आला. त्या उत्तम चालल्या. याच विचारातून २००२ च्या सुमारास व्होलांट या कारखान्याने ‘स्पॅच्युला’ नावाची स्की काढली. तिची कंबर सर्वांत रुंद आणि टोके त्याहून अरुंद होती. तिला नेहमीची कमान नव्हती, उलट होडीची नाळ वर उचललेली असावी तशी तिची टोके उचललेली होती. नोर्हाइमच्या स्कीच्या अगदी उलट रचना! कठीण हिमावर ती निरुपयोगी होती. तिच्यासारखी स्की आज क्वचितच कोणी वापरतो. परंतु वर उचललेले टोक मात्र पुढे रूढ झाले. हल्ली खोल हिमाच्या स्कीची कंबर १०० मिलिमीटरांहून रुंद आणि टोक लांबवर उचललेले असते. तरीही तिला पायाखाली थोडी कमान व कंबर ठेवलेली असते, ती खाली गावाकडे परतताना कठीण वाट लागते म्हणून.

ज्याला एकच जोडी घेऊन दिवसभर सर्वत्र हिंडायचे आहे, तो ८५ ते १०० मिलिमीटरांच्या मधली कंबर निवडतो. अशी स्की कशातच अद्वितीय नसते, पण फारशी कोठे फसवीतही नाही. उन्हाने ओथंबलेल्या जड हिमात तर हीच मधली रुंदी सोयीची पडते. पापुद्र्याच्या हिमावर मात्र कोणतीच स्की सुखाची नाही. वरचा थर कधी भार पेलतो, कधी एकाएकी फुटतो. तेथे निष्णातही जपून चालतो. येथे एक इशारा दिला पाहिजे. रुंद स्की खोल हिमात तरंगते, याचा अर्थ ती हिमकड्यांच्या कोसळण्यापासून रक्षण करते, असा नव्हे. अफरवतच्या उतारांवर हिमलोट सुटतात आणि त्यांत माणसे दगावलेली आहेत. पहारेकऱ्यांनी उतार बंद केला असेल, तर तो सर्व प्रकारच्या स्कींना बंद असतो.

एका माणसाला एकच स्की योग्य, असेही समजू नये. याचे उत्तम उदाहरण शर्यतींत मिळते. गुलमर्गच्या परिसरात वाढलेले खेळाडू आरिफ खान यांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये बीजिंग येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचे प्रतिनिधित्व केले. त्या वर्षी भारतातर्फे ते एकटेच खेळाडू होते. त्यांनी दोन शर्यतींत भाग घेतला. पहिली स्लॅलम, तीत जवळजवळ रोवलेल्या खांबांमधून नागमोडी वळणे घेत यावे लागते. दुसरी जायंट स्लॅलम. तीत खांब दूरदूर असतात आणि वेग फार असतो. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे पुरुषांच्या स्लॅलमसाठी स्की निदान १६५ सेंटीमीटर, तर जायंट स्लॅलमसाठी निदान १९३ सेंटीमीटर लांब असावी लागते. सरळ वेगाच्या ‘डाउनहिल’ शर्यतीत तर ती निदान २१८ सेंटीमीटर लागते आणि तिचा कंस पन्नास मीटर त्रिज्येचा असतो. खेळाडू तोच, त्याचे वजन तेच, कौशल्यही तेच. वळण बदलले आणि स्कीची लांबी अर्ध्या मीटरने बदलली.

आतापर्यंत जे सांगितले, त्यातील चूक फार तर त्या दिवसाचा आनंद हिरावून घेईल. परंतु बूट आणि स्की यांना जोडणाऱ्या पकडीच्या बाबतीत चूक झाली, तर पाय मोडतो.

पूर्वी पाय स्कीला पट्ट्यांनी व तारांनी जखडलेला असे. मनुष्य पडला, की दीड-दोन मीटर लांबीची स्की हिमात अडकून एकीकडे पिरगळे आणि शरीर दुसरीकडे जाई. मधल्या मध्ये नडगीचे हाड मोडे. नॉर्वेत जन्मलेला आणि अमेरिकेत स्थायिक झालेला याल्मार व्हाम हा नामांकित खेळाडू १९३७ मध्ये असाच पाय मोडून इस्पितळात पडला. शस्त्रक्रियेनंतर भुलीचा अंमल उतरत असतानाच त्याच्या मनात एक कल्पना चमकली आणि त्याने कागद-पेन्सिल मागवून ती रेखाटून ठेवली. नेहमीच्या हालचालींत पाय घट्ट धरील, पण धोक्याचा पीळ पडताच आपणहून सुटेल, अशी ती पकड होती. ती त्याने प्रत्यक्षात बनविलीही. आजच्या सर्व पकडी त्याच तत्त्वावर चालतात. पाय सुटताच पकडीच्या दोन्ही बाजूंचे दोन छोटे दांडे खाली पडून हिमात रुततात आणि मोकळी झालेली स्की खालच्या लोकांच्या अंगावर धावून जात नाही.

पण पकडीने सुटायचे, ते किती पीळ पडल्यावर? हे पकडीला सांगून ठेवावे लागते. त्यासाठी तिच्यावर एक लहानशी खिडकी असून तीत आकडे दिसतात. स्क्रू फिरवून आकडा कमी-जास्त करता येतो. लहान मुलासाठी तो दोन-तीनच्या आसपास, तर जोमदार प्रौढ खेळाडूसाठी सात-आठ किंवा त्याहून अधिक असतो. आकडा प्रमाणाबाहेर मोठा ठेवला, तर पडल्यावरही पाय सुटणार नाही. फार लहान ठेवला, तर भर वेगात, नको त्या क्षणी, स्की पायातून निसटेल. दोन्ही संकटेच! म्हणून हा आकडा अंदाजाने ठरवीत नाहीत. माणसाचे वजन, उंची, वय आणि बुटाच्या तळाची लांबी यांवरून तो तक्त्यात पाहून काढतात. बूट लांब असला, की तो तरफेसारखे काम करतो, म्हणून त्याची लांबी लागते. आणि पन्नाशी गाठलेल्या माणसाची पकड त्याच वजनाच्या तरुणापेक्षा थोडी हलकी ठेवतात.

तक्त्यात आणखी एक रकाना असतो, आणि तो मात्र मोजपट्टीने किंवा काट्याने भरता येत नाही. स्कीइंग करणारा सावकाश जाणारा आहे, मध्यम आहे, की जोरकस? हे ज्याचे त्यानेच सांगायचे. सारी गडबड येथे होते. मित्रांदेखत ‘सावकाश’ म्हणायची एखाद्याला लाज वाटते आणि तो ‘जोरकस’ म्हणून मोकळा होतो. दुकानदार त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून स्क्रू आवळतो, त्याला लांब व ताठ स्कीही काढून देतो. मग पहिल्याच संथ उतारावर तो मनुष्य हळूच, जागच्या जागी कलंडतो. वेग नसल्याने त्याच्या पडण्याला फारसा जोर नसतो, आवळलेली पकड सुटत नाही, आणि गुडघा पिरगळतो. वेगात पडलेल्याची पकड सुटते आणि हळू पडलेल्याची सुटत नाही, हे ऐकायला चमत्कारिक वाटते. परंतु नवशिक्यांचे पाय दुखावतात, ते पुष्कळदा असेच. ज्याने खरे सांगितले, त्याची आखूड, नरम स्की आणि हलकी पकड पाहून कोणी हसलेच, तर दुपारपर्यंत तो पाच-पन्नास वळणे शिकून परत आलेला असतो.

दुकानदार तक्त्यातील आकडा चिठ्ठीवर लिहितो, पकडीच्या पुढच्या व मागच्या दोन्ही खिडक्यांत तोच आकडा आणतो, बूट बसवून पाहतो आणि मगच स्की हाती देतो. दुसऱ्या दिवशी त्याच माणसाने निराळ्या मापाचे बूट घेतले, किंवा तीच जोडी त्याच्या धाकट्या भावाला द्यायची असली, तर जुनी चिठ्ठी बाजूला ठेवून वजनापासून पुन्हा सारी विचारपूस करावी लागते.